फासळीखालची गाठ

मला टेबल नीट करता येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. चाळीस वर्षं मी होड्या बांधल्या. आमच्याकडे सुताराला मेस्त म्हणतात, आणि मेस्त म्हटला की लोकांना वाटतं, याला पाळण्यापासून खिडकीपर्यंत सगळं येत असणार. तसं नसतं. होडीच्या मेस्ताची सरळ रेघेशी ओळखच नसते, कारण होडीत सरळ असं काही नसतंच. काटकोन तपासायचा गुण्या माझ्या पेटीत आहे, पण तो सासऱ्यांनी लग्नात दिला म्हणून. आमच्या घरातले जेवायचे पाटसुद्धा कुडाळच्या बाजारातून आणलेले आहेत, आणि बायको, म्हणजे शालन, हे आल्यागेल्याला मुद्दाम सांगते.

लाकडी होडी बांधणं बंद होऊन बरीच वर्षं झाली. फायबर आलं. साच्यातून आख्खी होडी बाहेर पडते, गळत नाही, दरवर्षी तेलपाणी मागत नाही. मी कोणाला नावं ठेवत नाही. मी मासेमारी करत असतो तर मीही फायबरच घेतलं असतं. शेवटची काही वर्षं मी जुन्या होड्यांना ठिगळंच लावत होतो. मग गुडघ्यांनी राजीनामा दिला, आणि हत्यारांची पेटी पडवीत कोपऱ्याला गेली.

ती पेटी पुन्हा उघडायला लावली पर्यटनाने. तोंडवलीला एकाने पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या आहेत. त्याला होडीच्या लाकडाचं टेबल हवं होतं. जुनं लाकूड माझ्याकडे नव्हतं, तर म्हणाला, "नवीनच घ्या, पण जुना दिसूक व्हया. मधी मधी खिळ्यांची भोका पाडा." मी विचारलं, खिळे कुठे मारायचे? म्हणाला, "खिळे नको, नुसती भोका." चाळीस वर्षं भोकं बुजवण्यात घालवलेल्या माणसाला हे ऐकून जे वाटायचं ते वाटलं. कणकवलीचे एक निवृत्त साहेब भिंतीवर टांगायला दोन फुटांचं वल्हं करून घेऊन गेले. एवढ्याशा वल्ह्याने बादलीतलं पाणीही ढवळणार नाही, पण साहेब खूश होते.

तोंडवलीच्या टेबलाचं पुढे काय झालं, ते सांगतो, म्हणजे आमचा धंदा कळेल. होडीच्या फळ्या एकीला एक घट्ट चिकटवत नाहीत. मध्ये बारीक फट ठेवतात आणि तिच्यात तेलात भिजवलेला कापूस ठोकून बसवतात. नवी होडी पाण्यात सोडली की पहिले दोन दिवस ती गळतेच. मालक घाबरतो, मेस्त विडी ओढत बसतो. लाकूड पाणी पितं, फुगतं आणि सांधे आपोआप मिटतात. म्हणजे होडीचं शेवटचं काम मेस्त करत नाही, पाणी करतं. हाताला लागलेली ही सवय मी टेबलातही उतरवली. फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात फळ्या सुकल्या, फटी रुंदावल्या, आणि तोंडवलीवाल्याचा फोन आला की पाहुण्यांची पेनं फटीतून खाली पडतात. मी बोलून गेलो, "दोन दिवस पाण्यात ठेव, मिटतला." त्याने फोनच ठेवला. शालन अजून हे आठवून हसते.

असा मी टेबलवाला. आणि तरीही गेल्या वर्षी मी घरी पडवीत बसून आणखी एक टेबल केलं. त्याचं सांगण्यासाठीच हा लेख लिहायला बसलो आहे, नाहीतर लिहिण्याची मला हौस नाही.

बाबी माझा लहानपणचा दोस्त. एका वाडीतले आम्ही. त्याची होडी मी बांधली तेव्हा मी तिशीत होतो आणि हाताला जरा जास्तच धार आली आहे, असं मला वाटत होतं. उंडीच्या लाकडाची, लांबट, हलकी होडी. ती बाबी आणि त्याचा धाकटा भाऊ गजा, दोघांनी मिळून चालवली. पुढे बाबीच्या मुलाने फायबरची घेतली, आणि ही वाळूवर पालथी पडून राहिली. पाच-सहा पावसाळे तिने तशीच काढली. गेल्या वर्षी बाबीच्या मुलाने नवं घर बांधलं. एका सकाळी बाबी माझ्या पडवीत येऊन बसला.

"मेस्ता, ती होडी जाळूक माझो जीव होणा नाय. इकूक तर त्याहून नाय. तिचा एक टेबल कर. बरासा, नक्षी-बिक्षी काढून. नव्या घराच्या हॉलात ठेवतंय."

मी म्हटलं, "अरे, माका टेबल जमणा नाय."

"तुका नाय जमला तरी तूच कर. दुसरो कोण तिका हात लावतलो?"

त्याचं बरोबर होतं. आमच्या किनाऱ्यावर होडी मोडायची झाली तर पहिला खिळा तिच्या मेस्तानेच उपसायचा, अशी रीत आहे. मेस्त हयात नसेल तर त्याचा मुलगा. आधी होडीपुढे नारळ आणि विडा ठेवून गाऱ्हाणं घालतात. मी असे पुष्कळ खिळे उपसले आहेत. पण ही होडी मोडायची वेळ माझ्या हयातीत येऊ नये, असं मला मनातून फार वाटत होतं. त्याचं कारण कोणालाच माहीत नव्हतं.

कारण असं. ही होडी नारळी पौर्णिमेला पाण्यात सोडायची, असा शब्द मी चारचौघांत दिला होता. शेवटच्या आठवड्यात उजव्या बाजूची, मागची, पाण्याखाली जाणारी एक फळी चढवायची राहिली होती. तेवढ्या लांबीची एकच फळी होती, आणि तिच्या मध्यावर मेलेली गाठ होती. झाडाची फांदी जिवंतपणी लाकडात रुजली तर ती गाठ घट्ट असते; फांदी आधीच मेलेली असेल तर गाठ नुसती बसवल्यासारखी असते, आज ना उद्या निखळते. अशी फळी पाण्याखाली घालायची नाही, हे मेस्ताच्या पोराला शाळेत जायच्या आधी कळतं. दुसरी फळी आणायची तर पौर्णिमा हुकत होती. मी ती गाठ पोखरली, तिथे लाकडाचा डुचा, म्हणजे बूच, बसवला, राळ आणि भुसा भरला. आणि फळी अशी सरकवून घेतली, की डुचा नेमका आतल्या फासळीखाली येईल. फासळी म्हणजे होडीला आतून आकार देणारं वाकडं लाकूड. आतून फासळी, बाहेरून डामर. होडी मोडल्याशिवाय ते कोणाला दिसणार नव्हतं. पौर्णिमेला होडी पाण्यात गेली, लोकांनी वाहवा केली, आणि मी ती घेतली.

तीन हंगाम काही झालं नाही. चौथ्या हंगामात सुकाणू गजाकडे आलं होतं. वय बावीस-तेवीस, पण आमच्या पट्ट्यात त्याच्यासारखा सुकाणवाचा हात नव्हता. एका पहाटे खाडीच्या तोंडाशी येताना होडीत भसाभसा पाणी शिरलं. जाळी, मासळी, सगळं समुद्रात टाकून गजा आणि बरोबरचे खलाशी कसेबसे काठाला लागले. जीव वाचले, बाकी काही वाचलं नाही. तिथे पाण्याखाली खडक आहेत. बाबी संतापला होता. गजाने होडी खडकावर घातली, एवढंच त्याचं म्हणणं. गजा म्हणत होता, "लागाक नाय, दादा. लागली आसती तर आवाज इलो आसतो."

मला बोलावलं. मी होडीखाली वाकून पाहिलं आणि लगेच समजलो. डुचा निघून गेला होता. शेजारी फळीवर एक खरचटल्याची खूण होती, पण तसल्या खुणा प्रत्येक होडीला पन्नास असतात. बाबीने विचारलं, "मेस्ता, खडकाक लागली मा?"

मी म्हटलं, "व्हय. तसाच दिसता."

एवढंच बोललो मी. गजा समोर उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं आणि निघून गेला. मी बाहेरून पत्रा मारला, डामर फासलं आणि मजुरी घेतली नाही. मेस्त किती मोठ्या मनाचा, असं बाबी वाडीभर सांगत फिरला. ते ऐकताना मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते मला कळलं, पण तरी मी तोंड उघडलं नाही. हंगाम संपला तसा गजा कुडाळला गेला आणि एमआयडीसीत एका कारखान्यात लागला. तो पुन्हा समुद्रावर आला नाही. गणपतीला घरी यायचा, पाया पडायचा, नारळ ठेवायचा आणि जेवायला न थांबता परत जायचा. भावाभावांत एवढंच राहिलं होतं.

तर होडी मोडायचा दिवस आला. वाळूवर आम्ही सहा-सात जण. बाबीने विडा ठेवला, नारळ ठेवला आणि हात जोडून गाऱ्हाणं घातलं.

"बा दर्या म्हाराजा, ह्या होडयेन एवडी वर्सां आमका पोसल्यान. हिका बांधताना, चालवताना, वागवताना कोणाकडसून काय चूक झाली आसात, जाणता-अजाणता, तर ती पदरात घे, आणि लेकरांचा बरा कर रे म्हाराजा."

सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं. गाऱ्हाण्याला होकार द्यावाच लागतो. माझ्या तोंडून तो निघाला, पण माझा मलाच ऐकू आला नाही. मग मी पहिला खिळा उपसला. चालवताना चूक झाली ती गजाची, हेच बाबीच्या मनात असणार, पण गाऱ्हाण्यात त्याच्या आधीचा शब्द "बांधताना" होता.

होडी मोडायला तीन दिवस लागले. ती फासळी मी स्वतः काढली, कोणाला हात लावू दिला नाही. खाली ते भोक तसंच होतं, सुपारीएवढं. भोवती पत्र्याच्या खिळ्यांचा गोल. टेबलाच्या लांबीच्या धड अशा तीनच फळ्या निघाल्या, आणि त्यातली एक ही. बाकीच्या टोकांना कुजल्या होत्या. मला हसू आलं. बांधतानाही तेवढ्या लांबीची दुसरी फळी नव्हती, आणि आताही नव्हती.

पडवीत काम सुरू केलं. पाय फासळ्यांचेच करायचे ठरवले, कारण वाकडे पाय शोभिवंत दिसतात. फासळ्या चार वेगवेगळ्या वाकाच्या. होडीत ते चालतं, टेबलात प्रत्येक पाय आपापल्या दिशेने निघतो. महिनाभर मी त्यांना समजावत होतो. कडेला पिळाच्या दोरीची नक्षी कोरली, कारण आयुष्यात तेवढी एकच नक्षी मी होड्यांच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, कोरत आलो. डोळ्यांना पूर्वीसारखं दिसत नाही, दोरीचे पीळ दोन ठिकाणी चुकले. दर अर्ध्या तासाने पाठ टेकावी लागे. रंधा मारला की डामराखालून उंडीचा तांबूस रंग वर येई आणि जरा बरं वाटे. वास मात्र समुद्राचाच राहिला.

ती फळी मी भिंतीकडे तोंड करून उभी ठेवली होती. शालनने दोनदा विचारलं, "ह्या फळयेन काय केल्यान? शाळेतल्या पोरासारखी भिंतीकडे कित्या उभी केलास?" मी काहीतरी उत्तर दिलं. खरं म्हणजे सोपं होतं. आणखी एक डुचा मारायचा, रंधा फिरवायचा, पॉलिश द्यायचं, की संपलं. हे काम मला टेबल करण्यापेक्षा नक्कीच चांगलं येतं. डुचा तासलाही होता मी. हातात घेऊन बसलो, आणि पुन्हा ते सगळं करायचा मला नुसता कंटाळा आला. लोक म्हणतात, म्हातारपणी माणूस सुधारतो. माझं तसं काही झालं नाही. लपवायलाही अंगात जोर लागतो, आणि तो आता राहिला नव्हता. ती फळी मी टेबलाच्या मधोमध बसवली, भोक वर ठेवून.

बाबी टेबल बघायला आला. चहूबाजूंनी फिरला, नक्षीवर हात फिरवला, "बरा झाला" म्हणाला. मग त्याचं बोट भोकापाशी थांबलं.

"ह्या काय?"

"गाठ होती थंय."

"खंयची फळी ही?"

"उजव्या अंगाची, मागची. फासळीखालची."

पाणी कुठून आलं होतं, हे त्याला सांगावं लागलं नाही. तो खाली बसला. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. पौर्णिमा, डुचा, डामर, आणि "तसाच दिसता" सुद्धा. शालन दारात येऊन उभी राहिली होती. तिलाही हे पहिल्यांदाच कळत होतं.

"तेव्हा कित्या बोलाक नाय?" बाबीने विचारलं.

एवढ्या वर्षांत मी या प्रश्नाची कितीतरी उत्तरं तयार केली होती.  "भियालंय," मी म्हटलं.

मला वाटलं होतं, तो शिव्या घालील, हात उगारील. त्याने तसं काही केलं असतं तर मला सोपं गेलं असतं. तो उठला, चपला घातल्या आणि म्हणाला, "माका सांगान उपेग काय? ह्या टेबल कुडाळाक गजाच्या घराक न्हे. आणि माका सांगलंस ता तेका सांग."

"तू येतंस?"

"माका खंयच्या तोंडान येवचा?" असं म्हणून तो गेला.

दुसऱ्या दिवशी टेम्पोत टेबल घालून मी कुडाळला गेलो. गजाचं दोन खोल्यांचं घर, स्वच्छ, खाली लाद्या. आता तोही पन्नाशीच्या पुढे गेलेला. कारखान्यात गेटवर वॉचमन आहे, तेव्हाच पाळीवरून आला होता. त्याने मला बसवलं, पाणी दिलं, टेबलाकडे बघत राहिला. लाकूड त्याने लगेच ओळखलं. मी थांबलो नाही, नाहीतर पुन्हा जमलं नसतं. सगळं सांगितलं आणि त्या भोकावर बोट ठेवलं.

त्याने भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "म्हणजे खडकाक लागाकच नाय?"

"नाय."

"नक्की मा, मेस्तानू?"

"नक्की. खडकाचो काय संबंध नाय."

"माका आवाज इलोच नव्हतो," तो म्हणाला. "पण तुमी सांगल्यात लागली म्हणान. मगे माका वाटला, इलो आसतलो, मीच आयकाक नाय. माझाच लक्ष नसतला." त्याने आपले दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले होते. "हय कारखान्यात लागलंय तेव्हा माका मशीनीवर घेय होते. मी नको म्हटलंय. म्हटलंय, माझ्या हाताचो भरवसो नाय, गेटार बसतंय. माझ्या पोराची मोटारसायकल आसा, दहा वर्सां मी पाठीच बसतंय."

मी समजत होतो की मी एका भावाला दुसऱ्या भावासमोर खोटं पाडलं. तेवढंच ओझं मी वागवत होतो. याचा स्वतःच्या हातांवरचा विश्वास मी घालवला, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. मी माफी मागितली. तो "व्हय, व्हय" म्हणाला, जसं कोणी दुसऱ्याच विचारात असताना म्हणतं. त्याने माफ केलं की नाही, मला ठाऊक नाही, आणि विचारायचा मला हक्कही नाही.

काहीतरी करायचं म्हणून त्याने टेबल हॉलमध्ये सरकवलं आणि कोपऱ्यावर हात ठेवला. टेबल डुगडुगलं. माझ्या पडवीतली जमीन शेणाची, उंचसखल. तिथे ते मुकाट उभं होतं. लादीवर उघडं पडलं. मी पिशवीतून करवत काढली आणि गुडघे टेकायला लागलो.

"नको," गजा म्हणाला. "तुमी हात लावू नकात."

त्याने माझ्या हातातली करवत घेतली. टेबल आडवं केलं, पायाकडे एक डोळा मिटून पाहिलं आणि कापायला लागला. करवत सारखी अडकत होती. ती कशी धरायची, हे माझ्या ओठांवर आलं होतं, पण मी गप्प बसलो. बोटभर जाडीची चकती खाली पडली. दोघांनी टेबल उभं केलं. ते आता दुसऱ्या बाजूला डुगडुगलं, आधीपेक्षा जास्त.

गजाने कोपरा दोन-तीनदा दाबून पाहिला. "जास्ती गेला," तो म्हणाला. "ही माझी चूक. ही माझीच आसा." आणि त्याने करवत मला परत दिली. पायाखाली काही सरकवलंही नाही.

संध्याकाळी मी परत आलो तेव्हा बाबी वाळूवर मुलाच्या होडीच्या सावलीत बसला होता. मी जवळ जाऊन उभा राहिलो. त्याने वर न बघता विचारलं, "सांगलंस?"

"सांगलंय."

"टेबल बसला नीट?"

"नाय. हलता. गजान पाय कापल्यान, तो जास्ती गेलो."

बाबी खाडीच्या तोंडाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "जातलोच. तेचो हात सुकाणवाचो, मेस्ता. करवतीचो नाय."

मी खरं बोललो असतो, तर गजाच्या हाताचं हे त्याने त्या पहाटेच म्हटलं असतं. मी म्हणू दिलं नव्हतं.